अ. ब. क. यांचा अर्ज

महाराष्ट्रात मराठी माध्यमातून दहावी झालेल्या प्रत्येक माणसाने आयुष्यात एकदा तरी रोपवाटिकेच्या मालकाला पत्र लिहून शाळेसाठी रोपं मागवलेली असतात. रोपं कधी येत नाहीत आणि मागवणाऱ्यालाही ती नको असतात. मायना चुकला नाही, तारीख त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे डावीकडे किंवा उजवीकडे पडली आणि 'कळावे' शेवटी आलं, की गुण मिळतात. यातला सगळ्यांत कडक नियम सहीचा. पत्राखाली स्वतःचं नाव घालायचं नाही. उत्तरपत्रिका कोणाची हे तपासणाऱ्याला कळता कामा नये, म्हणून अ. ब. क. लिहायचं. मराठीचा मास्तर म्हणून हा नियम मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो.

आता निवृत्त झालो आहे. जव्हारच्या एस. टी. स्टँडजवळ एका मित्राचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे संध्याकाळी जाऊन बसतो. तेच अ. ब. क. मोठे होऊन मिशा वगैरे राखून येतात आणि म्हणतात, "सर, कव्हर लेटर पायजे. कंपनी म्हणते बायोडाटाबरोबर एक पान स्वतःबद्दल लिहून पाठवा." शाळेत ज्याला नाव लपवल्याचे गुण मिळाले, त्याला एका पानात 'तू कोण' ते सांग म्हटल्यावर तो माझ्याकडेच बघतो. मी मित्राकडे बघतो. मित्र म्हणतो, "पान किती रुपये ते मी सांगतो, बाकी तुमचं तुम्ही बघा."

ही पत्रं जातात तरी कुठे? आमच्याकडून नोकरीचे रस्ते मोजकेच. एक खाली उतरून बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत जातो, एक सेल्वासच्या कारखान्यांत, एक मोखाड्यावरून नाशिकला सातपूर-अंबडकडे, आणि एक भिवंडीच्या गोदामांत. अलीकडे जव्हारच्या आसपास रिसॉर्टं झाली, तेवढाच घराजवळचा रोजगार. सरकारी नोकरीचं निराळं. तिथे पत्र नाहीच. संकेतस्थळावर रकाने भरायचे, फोटो इतक्या केबीचा, सही तितक्या केबीची, आणि जात पडताळणीचा दाखला जोडायचा. पोलीस भरतीत तर पोरांना १६०० मीटर आणि पोरींना ८०० मीटर धावून दाखवावं लागतं. ते मला फार सरळ वाटतं. तिथे पायच अर्ज करतात आणि पायांना विशेषणं लागत नाहीत.

खासगी कंपनीला मात्र पत्र हवं. आणि पत्र म्हटलं की आमच्या माणसाची लेखणी आपोआप रडायला लागते. 'मी अत्यंत गरीब कुटुंबातील असून घरात कमावते कोणी नाही, वडील वारंवार आजारी असतात, तरी मेहेरबान साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करून...' यात लबाडी नाही, बहुतेक वेळा सगळं खरंच असतं. शिवाय ही भाषा आम्हाला सरकारनेच शिकवली. रेशनकार्ड, घरकुल, खावटी, शिष्यवृत्ती, वसतिगृह, जिथे जाल तिथे आपल्याला काय नाही ते सिद्ध करावं लागतं. ज्याच्याकडे जास्त नाही, त्याचा नंबर आधी. जव्हार-मोखाड्यात लहानाचं मोठं होणं म्हणजे 'नाही'चे दाखले गोळा करत जाणं. त्या दाखल्यांची फाइल घेऊन पोरगा कंपनीच्या दारात उभा राहतो, आणि तिथला साहेब नेमकं उलटं विचारतो: तुझ्याकडे आहे काय?

साहेब दुष्ट नसतो. तो खावटी वाटायला बसलेला नाही, एवढंच. त्याचीही काही रडगाणी असतात. त्याच्या गोदामात माल मोजताना रोज फरक येतो, किंवा त्याचे पर्यटक शेवाळावरून घसरतात, किंवा रात्रपाळीचा माणूस सांगून येत नाही. समोर आलेल्या पन्नास कागदांत तो एवढंच शोधत असतो, की यातल्या कोणामुळे आपली डोकेदुखी थोडी कमी होईल. त्याच्या डोकेदुखीचं नाव पहिल्या चार ओळींत आलं, तर तो पाचवी वाचतो.

हे गुपित जुनं आहे. १४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंची नावाच्या उमेदवाराने मिलानच्या लुदोविको स्फोर्झाला नोकरीसाठी पत्र लिहिलं. त्यात हलके पूल, तोफा, वेढ्याच्या वेळी खंदकातलं पाणी कसं काढायचं, झाकलेले लढाऊ गाडे, असं एकामागून एक सांगितलं, आणि अगदी शेवटी, जाता जाता, की मी चित्रंही काढतो. पुढे जगाने ज्याच्या चित्रांपुढे रांगा लावल्या त्याने चित्रं शेवटी ठेवली, कारण स्फोर्झाला तेव्हा लढाया होत्या. आमच्या मुलांना मी ही गोष्ट सांगतो तेव्हा एखादा हमखास विचारतो, "मग लागली का नोकरी?" लागली. तो बरीच वर्षं मिलानला राहिला.

रडण्याच्या अगदी उलट असा एक आजार आता मोबाइलमधून आला आहे. मोबाइलला सांगितलं की तो क्षणात इंग्रजी पत्र काढून देतो. त्यात पोरगा डायनॅमिक असतो, पॅशनेट असतो, रिझल्ट ओरिएंटेड तर असतोच असतो. दाभोशाचा एक पोरगा असंच पत्र छापून घ्यायला दुकानात आला. साहसी पर्यटनवाल्या एका संस्थेला मदतनीस हवे होते. मी ते पत्र वाचलं. जन्मात कधी खोटं न बोललेल्या त्या पोराने 'वेगवान कॉर्पोरेट वातावरणात नेतृत्व करण्याचा' अनुभव असल्याचं लिहिलं होतं. म्हटलं, "अरे, हे कोण?" तो म्हणाला, "मीच हाय सर. त्यानं लिवलं."

"तुला काय काय येतं?"

"काय नाय सर. बारावी नापास."

दाभोसा ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जव्हारहून सेल्वासच्या बाजूला निघालं की काही अंतरावर हे गाव लागतं. इथे लेंडी नदी सुमारे ३०० फूट खाली उडी घेते. कडा, खाली डोह आणि भोवती रान. पावसाळ्यात मुंबई-नाशिकची माणसं गाड्या भरभरून येतात. कपडे भिजवतात, मोबाइल भिजवतात आणि जाताना गावातल्या पोरांना विचारतात, "इथे पाणी किती खोल आहे रे?" हा पोरगा अशांना लहानपणापासून वाट दाखवत आलेला. मी विचारत गेलो, तो दगड उचलून खालचा खेकडा दाखवावा तसा एकेक गोष्ट दाखवत गेला. कोणत्या दगडावर बारा महिने शेवाळ असतं. डोहात कपार कुठे आहे, जिथे पाय अडकतो. उतरताना तोंड कड्याकडे हवं, पाठ नाही. आणि मग सहज म्हणाला, "वर आभाल मोकलं दिसलं तरी फसायचं नाय सर. पाण्यावर पाचोला याया लागला, पाणी लालसर झालं, का समजायचं वर कुठं पाऊस लागलाय. मग सगल्यांना भाइर काढायचं. पाणी यायला येल लागत नाय."

"हे तू पत्रात का नाही लिहिलंस?"

तो हसला. "त्यात काय लिवायचं सर? ते तर आमच्यात सगल्यांनाच येतं."

हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं आहे, की ते झेरॉक्सच्या यंत्रावर चिकटवून ठेवावं. आमच्यात सगळ्यांनाच येतं. नाचणी-वरई उतारावर कशी तगवायची, सगळ्यांनाच येतं. लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक लिहायचा, येतो की सवासिनींना. दुधीभोपळा वाळवून त्याचा तारपा करणं तेवढं सगळ्यांना येत नाही, पण ज्याला येतं तोही म्हणतो, की त्यात काय. ज्या गावात पोहता येणं हे कौशल्य नसून वय आहे, तिथे पोहणाऱ्याने फुशारकी कशाची मारायची? पण पत्र गावात वाचलं जाणार नसतं. ते वाचणारा साहेब ठाण्यातल्या एका सोसायटीत राहतो, आणि त्याला पाचोळ्याचा अर्थ कळत नाही. त्याच्या दृष्टीने ही माहिती लाखमोलाची आहे, कारण तिच्यावर त्याच्या पाहुण्यांचे जीव अवलंबून आहेत.

आम्ही पत्र नव्याने लिहिलं, मराठीत. संस्थेच्या जाहिरातीत मराठी चालेल असं होतं, मग इंग्रजीचा सोस कशाला? पहिल्या ओळीत कोणत्या कामासाठी, जाहिरात कुठे पाहिली. पुढे असं: 'मी दाभोशाचा. धबधब्याखालच्या डोहात लहानपणापासून पोहतो. पाणी वाढण्याआधी त्याचा रंग बदलतो, तो ओळखून मी अनेकदा पर्यटकांना वेळेत बाहेर काढलं आहे. दोर बांधायचं तुमच्याकडे शिकेन. दगड मला माहीत आहेत.' शेवटचं वाक्य त्याचं स्वतःचं. मी फक्त पूर्णविराम घातला, मास्तराला तेवढं सोडवत नाही. सगळं मिळून अर्धं पान झालं. तो काळजीत पडला, "एवढंच सर? कागद मोकलाच राह्यला." मी म्हटलं, मोकळा राहिला म्हणूनच वाचतील.

मोखाड्याकडच्या एका मुलीचं पत्र मात्र इतकं सहज झालं नाही. बी. कॉम. झालेली, भिवंडीच्या गोदामात मालाच्या नोंदी ठेवायची जागा होती. अनुभवाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'नाही'. तिचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारे. आमच्याकडची कितीतरी कुटुंबं जातात. भाताची कापणी उरकली की पाडे रिकामे होतात आणि भिवंडी-वसईकडच्या भट्ट्यांवर माणसं भरतात. आधी शेठकडून उचल घ्यायची, मग आठवड्याला बाजारापुरती खर्ची, आणि पावसाळ्याच्या तोंडावर हजार विटांमागे ठरलेल्या दराने हिशोब. हिशोब मुनीम सांगेल तो. ही मुलगी सातवीत असताना सुट्टीत भट्टीवर गेली आणि तिने एक वही घातली. रोज बापाने किती विटा थापल्या, अवकाळी पावसाने किती भिजल्या, खर्ची किती उचलली. पुढच्या वर्षीपासून हिशोबाच्या दिवशी ती वही घेऊन मुनिमासमोर बसायला लागली. आधी मुनीम हसला. मग फरक निघाला. मग आजूबाजूच्या खोपटांतली माणसं आपले आकडे तिच्याकडे लिहायला घेऊन यायला लागली.

हे तिने मला वेगळ्याच संदर्भात सांगितलं, अभ्यासाला वेळ कसा मिळत नव्हता हे सांगताना. मी खुर्चीतून उठलोच. भिवंडीतला गोदामवाला असा माणूस दिवा घेऊन शोधत असेल आणि ही लिहिते, अनुभव नाही!

"भट्टीचं लिहू नका सर," ती म्हणाली.

मी गप्प बसलो. लिओनार्दो वगैरे सांगायची ती वेळ नव्हती. गरिबी सांगून काही मागायचं असेल तर ती तिने शंभर ठिकाणी सांगितली असती, तशी फाइलही तयार होती. पण तीच भट्टी कर्तबगारीच्या जागी लिहायची, हे कुठल्याही छापील नमुन्यात नाही. मी दोन मसुदे केले. एकात 'वीटभट्टीवर ४० कुटुंबांच्या कामाची व उचलीची रोजची नोंदवही ठेवली' असं होतं, दुसऱ्यात नुसतं 'कामगारांच्या नोंदी'. ती दोन्ही कागद घेऊन स्टँडवर गेली, चहा पिऊन परत आली आणि पहिला कागद पुढे सरकवला. "हेच ठेवा. पण ४० नाय, ३६ होती. हिशोब बरोबर पायजे."

मराठी माणसाच्या नोकरीच्या अर्जांत सगळ्यांत गाजलेला अर्ज बाळाजी आवजींचा म्हणायला हरकत नाही. परंपरेने सांगतात ती गोष्ट अशी, की वडील जंजिऱ्याच्या सिद्दीच्या पदरी होते, त्यांना सिद्दीने मारलं, कुटुंबाची वाताहत होऊन मुलं राजापूरला आली. तिथे बाळाजी लिहिण्याचं काम करू लागला आणि त्याने शिवाजी महाराजांना पत्र लिहिलं. महाराजांनी मजकुराआधी अक्षर पाहिलं आणि चिटणिशी दिली. आमच्या जव्हारला या कथेचं उगीच अगत्य आहे. सुरतेच्या पहिल्या स्वारीला जाताना महाराज इथल्या शिरपामाळावर थांबले होते, त्यामुळे त्यांच्या दरबारातलं काहीही आम्हाला घरचंच वाटतं. आज बाळाजी दुकानात आला असता तर मित्राने त्याचं ते मोत्यासारखं अक्षर बाजूला ठेवून सगळं 'मंगल' फॉन्टमध्ये टाइप केलं असतं आणि पीडीएफ करून दिली असती.

याच बाळाजींची दुसरी गोष्ट मला अधिक आवडते. महाराजांनी एक खलिता लिहायला सांगितला होता, कामाच्या गर्दीत तो राहून गेला. रात्री महाराजांनी वाचून दाखव म्हटलं, तेव्हा बाळाजींनी कोरा कागद समोर धरून सगळा मजकूर अडखळल्याशिवाय वाचला. खरी की रचलेली कोण जाणे. पण मुलाखतीला जाणाऱ्या पोरांना ती मी सांगतो. पत्रात लिहिलंय ते कागद न बघता बोलता आलं पाहिजे, नाहीतर ते तुझं नव्हे, मोबाइलचं. रिझल्ट ओरिएंटेड माणसाला साहेबाने 'म्हणजे काय' विचारलं आणि तो छताकडे बघू लागला, असं होऊ नये.

बारीकसारीक गोष्टींनीही अर्ज बुडतात. बोईसरच्या कंपनीला पाठवलेल्या पत्रात सेल्वासच्या कंपनीचं नाव तसंच राहतं. ई-मेलचा पत्ता कॉलेजच्या पहिल्या वर्षी उत्साहात काढलेला असतो, त्यात 'किलर' किंवा 'रावडी' असं काहीतरी असतं, आणि खाली लिहिलेलं असतं 'आपला नम्र'. पत्त्याचा घोटाळा तर आमचा खास. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्याआधी जन्मलेल्यांच्या शाळेच्या दाखल्यावर 'जि. ठाणे', आधारवर 'जि. पालघर'. कंपनीतून फोन येतो, तुम्ही नक्की कुठले? अर्थात फोन लागला तर. पाड्यावर रेंज नसते, म्हणून एकाने मोबाइल क्रमांकापुढे कंसात 'संध्या. ६ नंतर, टेकडीवर' असं लिहिलं होतं. मी ते काढलं नाही. खरी आणि उपयोगी माहिती होती.

राहिला प्रश्न नापास बारावीचा. दाभोशाच्या पोराला तेच डाचत होतं, लिहायचं की दडवायचं? त्याला मी रामानुजनचा अर्ज सांगितला. फेब्रुवारी १९१२ मध्ये या गणितज्ञाने मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनीसाठी अर्ज केला. एफ. ए. पुरी झाली नव्हती, गणित सोडून बाकी विषयांत तो आपटला होता. अर्जात त्याने मॅट्रिक झाल्याचं लिहिलं, पुढचं शिक्षण अडचणींमुळे थांबलं हे एका वाक्यात सांगितलं, आणि लगेच पुढच्या वाक्यात सगळा वेळ गणिताला देत आलो आहे असं लिहून मोकळा झाला. रडला नाही, लपवलंही नाही. महिना तीस रुपयांची जागा मिळाली. पुढच्या वर्षी केंब्रिजला गणितज्ञ हार्डींना लिहिताना ओळख काय दिली, तर पोर्ट ट्रस्टमधला कारकून. आणि सोबत पानंच्या पानं प्रमेयं. पत्र लहान, सोबतचा ऐवज जड.

तर आम्हीही एक वाक्य घातलं: 'बारावी विज्ञान अनुत्तीर्ण, पुन्हा बसणार आहे.' पोर्ट ट्रस्टच्या त्या अर्जाबरोबर रामानुजनने प्रेसिडेन्सी कॉलेजच्या गणिताच्या प्राध्यापकांचं शिफारसपत्र जोडलं होतं. या संस्थेलाही उमेदवाराला ओळखणाऱ्या दोघांची नावं हवी होती, नातेवाईक सोडून. एक नाव सरपंचाचं झालं. दुसरं कोणाचं? पोराने थोडा विचार केला आणि एका वनरक्षकाचं नाव सांगितलं.

"तो तुला कसा ओळखतो?"

"मागल्या पावसात धबधब्यावर जायला बंदी होती ना सर, तवा मी खाली सापडलो. पुण्याची दोन पोरं बंदी मोडून उतरली होती, त्यांना वर आणीत होतो. त्यानं तिघांनाही उठाबशा काढाया लावल्या."

"अरे, मग तो तुझ्याबद्दल काय चांगलं सांगणार?"

"चांगलं नाय सांगणार," तो म्हणाला, "पण मी तिथं होतो हे तर सांगंल ना?"

ते नाव आम्ही पहिलं घातलं आणि सरपंचाचं दुसरं.